नोव्हेंबरात कोकणात सर्फिंगला यायचंय? आधी तिथी बघा, मग सुट्टी टाका

प्रश्न पुण्याच्या चार मित्रांचा आहे. दोघांनी गोव्यात चार-पाच दिवस सर्फिंगचे धडे घेतलेत, एकाने केरळातल्या वर्कल्याला आठवडा काढलाय, चौथा पहिल्यांदाच बोर्डवर उभा राहणार. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सलग पाच दिवस सिंधुदुर्गातल्या एखाद्या शांत गावात राहायचंय. गाव कोणतं घ्यावं, तेव्हा लाट असते का, बोर्ड कसे आणावेत आणि धोका किती, असं त्यांनी विचारलंय. ‘शनिवार-रविवार धरून सुट्टी टाकतोय, तेवढं गावाचं नाव सांगा,’ असंही शेवटी लिहिलंय.

मी वेंगुर्ला तालुक्यातला. आमच्या घराचा रापणीत, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, वाटा आहे, म्हणजे समुद्राशी ओळख बोर्डच्या आधीची. सर्फिंग सुरू करून बारा-तेरा वर्षं झाली आणि दरवर्षी पाऊस सरला की शिकवतोही. म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो: गावाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा. शनिवार-रविवारही बाजूला ठेवा. आधी कालनिर्णय काढा आणि तिथी बघा. असं का, ते नीट सांगतो, कारण तुमची सहल साधणार की फसणार हे इथेच ठरतं.

आधी लाटेबद्दल. नोव्हेंबरात आमच्याकडे लाट लहान असते. गुडघ्यापासून कमरेपर्यंत, एखाद्या चांगल्या सकाळी छातीपर्यंत. पाचातला एखादा दिवस तर पाणी तळ्यासारखं सपाट मिळेल, ते धरूनच या. फोटोतल्यासारखी डोक्यावरून वळणारी लाट हवी असेल तर हा महिना नाही आणि हा किनाराही नाही. पण तुमच्यासारख्या शिकणाऱ्यांना मी वर्षातला हाच काळ सुचवतो. पाणी कोमट, सुमारे २८ अंश. पावसाळ्यातला गढूळपणा बसलेला. आणि लाट एवढी सावकाश येते की उठायला वेळ मिळतो.

ती सावकाश का येते? जून ते सप्टेंबर आमच्या किनाऱ्यावर आपटणारी लाट अरबी समुद्रावरच्याच मोसमी वाऱ्याने उठवलेली असते. ती जवळची, दाटीवाटीची, एकीच्या पाठीवर दुसरी. वारा पडला की तीही पडते. त्यानंतर उरते ती फार लांबून आलेली लाट. विषुववृत्ताच्या पलीकडे, खाली दक्षिण महासागरात बारा महिने वादळं फिरत असतात. तिथे उठलेली लाट सहा-सात हजार किलोमीटर कापून आमच्या वाळूवर येते. सोळा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा जथा दिवसाला हजारेक किलोमीटर चालतो, म्हणजे तुम्ही मंगळवारी जी लाट पकडाल ती आदल्या आठवड्यात अंटार्क्टिकाच्या दिशेला जन्मलेली असते. एवढ्या प्रवासात बारीकसारीक लाटा वाटेत विरून जातात आणि उरतात त्या लांब, सुट्या, एकमेकींत अंतर राखून येणाऱ्या.

म्हणून अंदाज बघताना नुसती उंची बघू नका. विंडीसारख्या हवामानाच्या अ‍ॅपवर किंवा हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेच्या सागरी अंदाजात लाटेची उंची, कालावधी (दोन लाटांमधलं सेकंदांतलं अंतर) आणि दिशा अशा तीन गोष्टी मिळतात. ‘०.७ मीटर, १५ सेकंद, दक्षिण-नैर्ऋत्य’ असं दिसलं तर आनंदाने या. ‘१.२ मीटर, ५ सेकंद, वायव्य’ असेल तर आकडा मोठा दिसला तरी ती वाऱ्याने उठवलेली खळबळ असते. बोर्डवर पोटावर पडून तोंडात खारं पाणी जाण्यापलीकडे तिच्यातून काही मिळत नाही. डिसेंबर उजाडला की अरबस्तानाकडच्या शमाल वाऱ्यांची वायव्येची लाट अधूनमधून येऊ लागते आणि दक्षिणेची लाट आणखी बारीक होते. त्यामुळे दोन तारखांमध्ये घोळ असेल तर आधीची घ्या.

आता वारा. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे सगळ्यांनीच घोकलेत. सर्फरसाठी त्या धड्याइतका उपयोगी धडा नाही. पाऊस गेला, आभाळ मोकळं झालं की रात्री जमीन लवकर निवते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहू लागतो. तो समोरून लाटेच्या तोंडावर येतो, तिला थोपवून धरतो, तिचा चेहरा गुळगुळीत करतो आणि ती एकदम न कोसळता एका बाजूने सरकत फुटते. नोव्हेंबरात मतलई साधारण दहा-साडेदहापर्यंत टिकतो. मग तासभर वारा पडतो, आणि बारा वाजले की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो. दुपारी एक वाजता त्याच किनाऱ्यावर गेलात तर सकाळची ती लाट हीच का, असा प्रश्न पडेल. सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. म्हणजे तुमच्या हातात रोज उजाडल्यापासून फार तर साडेतीन-चार तास आहेत. बाकीचा दिवस झोपा, खा, गाव बघा.

एवढे मोजके तास मिळणार असतील तर त्या तासांत पाणी कसं असेल हे नशिबावर सोडायचं नाही. इथे तिथी येते.

आमच्याकडे भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारला भरती. अष्टमीला सहा. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. दिवसाला भरती पाऊण तास, खरं तर पन्नासेक मिनिटं, पुढे सरकते ती याच हिशेबाने. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास आणि भरती-ओहोटीत सव्वासहा तास. हा हिशेब मुंबईच्या वेळेचा; तिच्या मानाने वेंगुर्ला-मालवणकडे भरती सुमारे तासभर आधी येते, तेवढं वजा करा. नेमक्या मिनिटांसाठी छापील भरतीचं कोष्टक आहेच, पण दोन महिने आधी घरात बसून सहल ठरवायला हा हिशेब पुरतो.

वाळूच्या किनाऱ्यावर शिकणाऱ्याला सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे ओहोटी संपून भरतीला लागलेलं. पूर्ण ओहोटीला लाट दूरवर, पाण्याखालच्या वाळूच्या उंचवट्यावर धाडकन फुटते. पूर्ण भरतीला ती काठापर्यंत येऊन थेट उतरत्या वाळूवर आदळते, आणि अशा लाटेत नवशिक्याच्या मानेला आणि खांद्याला मार बसतो. मधले अडीच-तीन तास आपले. शिवाय भरतं पाणी माणसाला काठाकडे लोटतं, ओसरतं पाणी आत नेतं.

आता दोन्ही धागे जुळवा. मतलई उजाडल्यापासून दहापर्यंत, आणि पाणी त्याच वेळेत चढतं हवं. पौर्णिमेला वेंगुर्ल्याकडे भरती साडेदहा-अकराला, म्हणजे पहाटे पाचच्या आत ओहोटी संपलेली आणि सूर्य उगवेपर्यंत पाणी अर्ध्यावर आलेलं. तृतीयेला ओहोटी सातच्या आसपास संपते आणि आठपासून पुढचे अडीच तास सोन्यासारखे. याउलट सप्तमी-अष्टमी धरून आलात तर पहाटे चार-पाचलाच भरती होऊन गेलेली असते आणि सगळी सकाळ पाणी ओसरत असतं. त्या दिवसांना आम्ही भांग म्हणतो. भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभर, पाणी मरगळलेलं. उधाणाला हाच फरक दोन मीटरच्या आसपास जातो. (मुंबईत तो चार मीटरच्या पुढे जातो, म्हणून मुंबईच्या माणसाने तिथला अंदाज इथे लावू नये.)

थोडक्यात, चतुर्दशी ते तृतीया हे पाच दिवस धरा. तुम्हाला पाचच दिवस हवेत, हे बरंच झालं. लक्ष्मीपूजनाची अमावास्या याच हिशेबात बसते, पण तेव्हा दिवाळीची सुट्टी असते. मालवण-तारकर्लीला गाडी उभी करायला जागा मिळत नाही आणि पाण्यात बोटींची गर्दी असते. ती सोडा. त्यानंतरची त्रिपुरी पौर्णिमा आणि त्याच्या पुढची अमावास्या, म्हणजे आमच्या देवदिवाळीच्या आसपासचे दिवस, ही दोन उधाणं तुमची. माझी पसंती त्रिपुरीला, कारण दक्षिणेची लाट तेव्हा अजून बऱ्यापैकी असते. ज्या वर्षी दिवाळी उशिरा येते त्या वर्षी त्रिपुरीच नोव्हेंबरच्या शेवटाकडे सरकते, तेव्हा तर विचारच करू नका. सुट्टी मधल्या वारी पडली तर साहेबाशी बोला. कोकणाच्या एका सहलीसाठी मी नोकरीतल्या माणसांना बुधवार ते रविवार रजा काढायला लावली आहे आणि त्यातल्या एकानेही नंतर तक्रार केली नाही.

आता गाव. नकाशावर आमचा किनारा सरळ रेषेसारखा दिसतो, पण तो जांभ्याच्या सड्यांनी, म्हणजे खडकाळ पठारांनी, तुकड्यातुकड्यांत तोडलेला आहे. लाट दक्षिण-नैर्ऋत्येकडून येते, म्हणून ज्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला मोठा डोंगर समुद्रात घुसलाय, त्या डोंगराच्या लगेच उत्तरेला पाणी आडोशाला राहतं. तिथे लहान मुलांना डुंबवा, बोर्ड नेऊ नका. लांब, मोकळा, नैर्ऋत्येला तोंड असलेला वाळूचा पट्टा शोधायचा.

तुमच्यासाठी माझा पहिला कौल शिरोडा-आरवलीच्या पट्ट्याला. सुरूच्या बनाच्या पुढे मोकळी वाळू आहे, खडक नाहीत, गर्दी वेळागरच्या बाजूला गोळा होते, आणि थोडं चाललं की किनारा तुमचाच. दुसरा कौल मालवण तालुक्यातल्या आचरा ते तोंडवळीच्या भागाला. तो आणखी निवांत आहे, पण गाडी हाताशी हवी आणि खाण्याची सोय आधी बोलून ठेवावी लागते. तारकर्ली-देवबागचं पाणी सुंदर आहे यात वाद नाही, तरी पॅरासेलिंगच्या आणि डायव्हिंगच्या बोटी ज्या पाण्यात सतत ये-जा करतात तिथे नवशिक्याने बोर्ड घेऊन जाऊ नये. मालवणच्या किल्ल्याभोवतीही नको. तिथे पाण्याखाली खडक आहेत आणि १९८७ पासून ते सागरी अभयारण्य आहे. रत्नागिरीकडचे मित्र आरे-वारेचं नाव घेतील, ते वाईट नाही. गणपतीपुळ्याला मात्र दर्शनाला जा, पाण्यात नको. तिथली ओढ फसवी आहे आणि बुडण्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत.

एका किनाऱ्यावर नेमकं कुठे उतरायचं, हे मी आत्ता सांगू शकत नाही आणि जो सांगेल त्याचं ऐकूही नका. पावसाळ्यात समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि थोडं आत तिचे उंचवटे रचतो. पाऊस गेला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. नोव्हेंबरात हे परतीचं काम अर्ध्यावर असतं. मागच्या वर्षी जिथे उत्तम लाट फुटत होती तिथे यंदा खोल पाणी असू शकतं. म्हणून पहिल्या सकाळी बोर्ड गाडीवरच ठेवा आणि अर्धा तास नुसते उभे राहून बघा. लाट कुठे फुटते? कुठे फुटतच नाही? जिथे पांढरा फेस नाही, पाणी गडद आणि शांत दिसतं, काठचा कचरा-फेस आत जाताना दिसतो, तिथे ओढ आहे. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तीच जागा सोपी वाटते. लाटांनी काठाकडे ढकललेलं पाणी परत जायला सखल वाट शोधतं, ती ही वाट. सापडलातच तर काठाकडे जोर लावू नका. बोर्ड सोडू नका, तो तुमची होडी आहे. किनाऱ्याला समांतर, फेस दिसतो त्या बाजूला हात मारा. दमलात तर बोर्डवर पडून एक हात उंच धरा.

खाडीच्या तोंडाबद्दल वेगळं सांगतो, कारण तिथे मी चूक केली आहे. शिकवायला लागून चारेक वर्षं झाली होती. सप्तमी होती. दोन विद्यार्थ्यांना घेऊन खाडीच्या मुखाजवळ गेलो, कारण तिथे लाट इतर किनाऱ्यापेक्षा उंच आणि देखणी उभी राहत होती. ती उंच का आहे, याचा विचार केला नाही. खाडीतून ओसरणारं पाणी समोरून येणाऱ्या लाटेला अडवत होतं, म्हणून ती उभी राहत होती. वीस मिनिटांत आम्ही तिघे किनाऱ्यापासून एवढे लांब गेलो की वाळूवरची माणसं ओळखू येईनात. पागाची जाळी आवरून परतणाऱ्या एका तात्यांनी होडी वळवली आणि एकेकाला वर ओढलं. मला ते काही रागाने बोलले नाहीत. होडी काठाला लागल्यावर एवढंच म्हणाले, “तुझ्या आवशीक (आईला) मी काय सांगू, सांग.” त्या दिवसापासून माझा नियम आहे: कर्लीचं मुख असो, आचऱ्याची खाडी असो, मोचेमाडची असो की तेरेखोलची, कोणत्याही खाडीच्या तोंडापासून अर्धा किलोमीटर दोन्ही बाजूंना बोर्ड पाण्यात घालायचा नाही. भरती असली तरी नाही. तुम्हीही हाच नियम पाळा, कारण सगळ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात आणि दरवेळी होडी येत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मला हे उत्तर लांबवायचं होतं ती. रापण.

नोव्हेंबर हा रापणीचा ऐन हंगाम. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की होड्या बाहेर पडतात, आणि समुद्र निवळल्यावर किनाऱ्याजवळ बांगडा, तारली यांचे थवे येऊ लागतात. पहाटे होडी जाळ्याचं एक टोक वाळूवर ठेवून निघते, समुद्रात मोठा अर्धगोल घालते आणि दुसरं टोक लांबवर काठाला आणते. मग दोन्ही बाजूंनी पंचवीस-तीस माणसं, कधी त्याहून जास्त, दोर खांद्याला लावून ओढत एकमेकांकडे सरकतात. या कामाला दोन-दोन तास लागतात. आणि ही वेळ नेमकी तुमची असते: पहाट, शांत पाणी, पडलेला वारा.

त्या अर्धगोलात बोर्ड नेला तर थवा बिथरतो आणि जाळ्याखालून निसटतो. तुमच्यासाठी ती एक लाट असते. त्यांच्यासाठी चाळीस घरांचा त्या दिवसाचा वाटा. शिवाय पाय किंवा लीश (बोर्ड पायाला बांधणारी दोरी) दोरात गुंतली तर तुमचाही जीव जाऊ शकतो. म्हणून पाण्यात शिरण्याआधी किनारा दोन्ही बाजूंना बघा. होडी आडवी चाललीय, वाळूवर दोर पडलाय, चार माणसं समुद्राकडे टक लावून उभी आहेत, असं दिसलं की थांबा. त्यांच्याकडे जाऊन विचारा, “काका, रापण कुठवर आहे? आम्ही कुठे उतरू?” बहुतेक वेळा उत्तर मिळेल, “वायच थांबा, मगे जावा,” किंवा हाताने लांबची जागा दाखवतील. एकदा विचारलंत की दुसऱ्या दिवशी तेच तुम्हाला हाक मारतील. ओढायला हात लावलात तर नक्कीच मारतील. माझ्या एका विद्यार्थिनीने पाच दिवस रोज आधी दोर ओढला आणि मग लाटा घेतल्या. परत जाताना तिच्या डब्यात ताज्या तारल्या होत्या आणि पुढच्या वर्षी गावात कोणाच्या घरी उतरायचं हा प्रश्नच उरला नाही. सर्फिंग आमच्या गावांत टिकायचं असेल तर या माणसांच्या संमतीनेच टिकेल, आणि ती संमती प्रत्येक नव्या पाहुण्याच्या वागण्याने वाढते किंवा कमी होते. काठाजवळ लावलेल्या जाळ्यांचे तरंगते बोये दिसले तर त्यांच्यापासूनही लांब राहा.

बोर्ड. या लाटेला जाड, लांब, फोमचाच बोर्ड लागतो. आठ ते नऊ फूट. सत्तर किलोच्या शिकाऊ माणसाला सत्तर-ऐंशी लिटर आकारमानाचा. वर्कल्याला जाऊन आलेल्या मित्राकडे सहा फुटी बोर्ड आहे असं तुम्ही लिहिलंय. तो घरी ठेवा, ही लाट त्याला उचलणार नाही. चौघांत दोन किंवा तीन बोर्ड पुरे. एक जण काठावर लक्ष ठेवायला हवाच आणि आळीपाळीने दम खाताही येतो. सिंधुदुर्गात बोर्ड भाड्याने मिळतीलच असं धरून निघू नका. ओळखीतून आधी पक्कं करा किंवा गोव्यातून येताना घेऊन या. हरमल-मांद्रे भागात सर्फ शाळा आहेत आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडा जवळच आहे. पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावायचं वॅक्स गरम पाण्याचंच घ्या, थंड पाण्याचं इथे लोण्यासारखं वितळतं. लीशची एक जास्तीची दोरी, फिनचे (बोर्डखालच्या पात्यांचे) स्क्रू आणि पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड (पाण्यात घालायचा अंगाला घट्ट बसणारा सदरा) घ्या. वेटसूट नको.

पुण्याहून आठ फुटी बोर्ड रेल्वेच्या डब्यात बर्थखाली जात नाही आणि ब्रेकव्हॅनमध्ये त्याची हेळसांड होते. कोल्हापूर सोडून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला गाडीनेच उतरा. फिन काढून, फोमला दोरी रुतणार नाही असे रुंद पट्टे वापरून बोर्ड टपावर बांधा. आंबोलीचा घाट उजेडी उतरा. मुंबईहून कोणी येणार असेल तर त्याने कोकणकन्या किंवा तुतारीने सावंतवाडी रोडला यावं. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि तुम्ही तिथीवर तारीख ठरवणार असल्याने तेवढा वेळ हातात असतोच. मुक्कामी पोचल्यावर बोर्ड बंद गाडीत उन्हात ठेवू नका, फोम फुगून त्याची साल सुटते.

राहायला किनाऱ्यापासून चालत जाता येईल असं घरगुती निवास-न्याहारी बघा. उजाडायच्या आत घराबाहेर पडायचंय, एवढं यजमानांना आधी सांगा. मागितलीत तर ते उकड्या तांदळाची गरम पेज देतील. पाण्यात जाण्याआधी त्याहून चांगलं काही नाही. घावणे-उसळ परत आल्यावर. थोडी रोख जवळ ठेवा, नेटवर्क जातं.

वादळांबद्दल ऐका. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, त्यातला दुसरा नेमका ऑक्टोबर ते डिसेंबर. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान रायगड किनाऱ्यावर आलं, पण त्याच्या वाटेत आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या होड्या होत्या आणि कितीतरी घरांत माणसं परत आली नाहीत. ऑक्टोबर २०१९ मधलं क्यार तर किनाऱ्यावर आलंच नाही, लांबूनच पश्चिमेला निघून गेलं, तरी त्याच्या उधाणाने देवबाग-मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत पाणी वस्तीच्या तोंडाशी आणलं. अशा वादळाच्या आधी एक-दोन दिवस ऊन छान असतं आणि लाट अचानक मोठी व सुबक येते. सर्फरला मोह होतो तो तेव्हाच. हवामान खात्याने कमी दाबाचा पट्टा सांगितला असेल, बंदरात बावटा लागला असेल, देवगडच्या बंदरात बाहेरगावच्या नौका आसऱ्याला येऊ लागल्या असतील, तर बोर्ड गाडीवर बांधा. नंबर फोनमध्ये घालून ठेवा: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, रुग्णवाहिका १०८.

किरकोळ इजा बऱ्याचदा वाळूवरच होते. रापणीतून टाकून दिलेल्या शिंगाळ्याचा काटा तळपायात घुसतो, म्हणून जाळी ओढलेल्या जागी अनवाणी चालू नका. उथळ पाण्यात पाकट वाळूत दडून बसतो; पाय उचलून न टाकता घासत चला, तो बाजूला होतो. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय तास-दीड तास बुडवून ठेवा, कळ बरीच उतरते, आणि मग दवाखान्यात दाखवा. जेलीफिश लागली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळूने चोळू नका.

रात्री किनाऱ्यावर बॅटऱ्या मारत फिरू नका, शेकोटीही नको. नोव्हेंबर सरता सरता ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येऊ लागतात आणि उजेड दिसला की मादी वाळूवर न चढता परत फिरते.

दुपारी वेळ मिळेल तेव्हा आरवलीच्या वेतोबाला जाऊन या. त्रिपुरीपासून आसपासच्या गावांत जत्रा सुरू होतात आणि रात्रभर दशावतार चालतो. बघायला नक्की बसा, पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्यात जायचं असेल तर बारा वाजता उठा. झोप न झालेला माणूस ओढीत सापडला की पहिल्या पाच मिनिटांतच दमतो.

तारखा ठरल्या की त्या दिवसांच्या तिथी आणि चौघांना पोहता किती येतं, एवढं लिहून पाठवा. चौथ्या मित्राला दोनशे मीटर न थांबता पोहता येत नसेल तर आतापासून पुण्यातल्या तलावात सुरू करू द्या, अजून वेळ आहे.